कुरणाचं गणित मे महिन्यापासून मांडा

वनखात्याच्या बीटवर (वनरक्षकाच्या हद्दीत) नव्यानं रुजू झालेली पोरं अधूनमधून फोन करतात. "काका, गाव उठलं, शेतं खात्याच्या ताब्यात आली, आता हरणांसाठी कुरण करायचंय. कोणतं गवत लावू?" मी उलटं विचारतो, "मे महिन्यात तुझ्याकडचं चितळ काय खातं?" पलीकडे सगळं चिडीचूप.

मला कोणी हे विचारलं असतं तर माझंही तेच झालं असतं. मेळघाटात वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो. त्यातली चौदा वर्षं एका उठलेल्या गावाच्या जागेवर गेली. मेळघाटातून आधी बोरी, कोहा, कुंड ही गावं पुनर्वसनात जंगलाबाहेर गेली. नंतर जी उठली, त्यातलंच हे एक. साठेक हेक्टर पडीक शेतं, मधोमध एक वड, पडक्या कुडाच्या भिंती, दोन विहिरी. तिथे काय चुकलं आणि काय जमलं ते लिहून ठेवतो. ताडोबा, पेंच, नागझिऱ्याच्या पोरांनाही यातलं बरंच लागू पडेल. माती आणि झाडं पाहून आपापला बदल करा.

एक आधीच सांगतो. हे खात्याच्या जमिनीवरचं, मंजूर आराखड्यातलं काम आहे. हौसेनं जंगलात बी फेकायला जाऊ नका. रस्त्याकडेच्या हरणाला बिस्किटं घालणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

ताटात काय नाही ते आधी लिहा

जुलै ते ऑक्टोबर हरणांना तुमची गरज नसते. पावसात सगळं रान म्हणजे ताटच. अडचण दिवाळीनंतर सुरू होते. गवत पिकतं, वाळतं, कडक होतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या जंतूंना नीट काम करायला चाऱ्यात साधारण ७ टक्के प्रथिनं लागतात. उन्हाळ्याच्या तोंडावर वाळक्या गवतातली प्रथिनं त्याच्या बरीच खाली जातात. मग जनावराचं पोट भरलेलं दिसतं आणि तरी ते खंगत जातं. एप्रिलअखेर चितळाच्या बरगड्या लांबून मोजता येऊ लागल्या, की समजा कुरणाचा आराखडा कागदावरच राहिला.

म्हणून वही घ्या आणि बारा रकाने पाडा. सुरुवात मे महिन्यापासून करा आणि मागे मागे जा. त्या महिन्यात हिरवं काय असतं, झाडाखाली काय पडतं, कुठे आणि किती दिवस, एवढंच लिहायचं. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत मे महिन्यासमोर लिहिलंय: "नाल्यातली हरळी, दोन उंबर, बांबूची पानं." साठ हेक्टर जमीन, आणि मे महिन्याला एवढीच ओळ.

खाणारे कोण, तेही लिहा, कारण सगळ्यांचं ताट सारखं नसतं. चितळ मुळात गवतावरचं. आखूड, कोवळं, लुसलुशीत गवत त्याला हवं. गवत संपलं की ते पडलेली फुलं, फळं, पालापाचोळा यावर येतं. सांबर पावसात गवत खातं, पण उन्हाळ्यात त्याची भिस्त झाडपाल्यावर आणि बांबूवर. भेकर एकटं-दुकटं फिरतं, फळं आणि कोंब वेचून खातं. ते मोकळ्या कुरणात फार रमत नाही. गवा, नीलगाय, चौसिंगा ही हरणं नव्हेत, त्यांची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. पण पंगतीला तीही बसणारच, आणि गवा बसला की चार जणांचं एकटाच उठवतो. त्याचा हिशेब वेगळा धरा.

तरोटा, आणि माझा नांगर

पहिल्या वर्षी मी ट्रॅक्टर लावला. हौस माझीच होती. जूनच्या पहिल्या पावसावर बारा हेक्टर नांगरून काढलं, म्हटलं माती भुसभुशीत झाली की गवत जोमानं येईल. ऑगस्टमध्ये तिथे कमरेएवढा तरोटा (टाकळा) उभा होता, गालिचा अंथरल्यासारखा. जमिनीत खोल गाडलेलं वर्षानुवर्षांचं बी मी स्वतः उकरून वर आणलं होतं. चितळांनी त्या बारा हेक्टरात पाय टाकला नाही. आमचा जुना कोरकू वनमजूर बांधावर बसून शांतपणे म्हणाला, "साहब, हे तं तुमी पेरलं."

तेव्हा पहिला नियम: उठलेल्या गावाची शेतं नांगरू नका. आधी तण काढायचं, गवत लावायचं नंतर.

तरोटा वर्षायू आहे, म्हणजे एका वर्षात संपणारा. पहिल्या पावसावर उगवतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतो, दिवाळीच्या आसपास शेंगा तडकतात. तो उपटायचा जुलैच्या शेवटी ते ऑगस्टमध्ये, फुलायच्या आधी आणि माती ओली असताना. तेव्हा मुळासकट हातात येतो. विळ्यानं कापलात तर बगलेतून फुटतो आणि बुटका होऊन फुलतो. म्हणजे मजुरी गेली आणि बीही पडलंच. उपटलेल्याचे ढीग एका ठिकाणी कुजवा. शेंगा धरल्या असतील तर ढीग कुरणात ठेवू नका. हे सलग तीन वर्षं करायचं. दुसऱ्या वर्षी दम सुटतो, कारण तेवढाच तरोटा पुन्हा आलेला दिसतो. चौथ्या वर्षी फरक डोळ्यांना दिसतो. जूनच्या शेवटी कोवळा पाला भाजीला मिळतो. मजुरीवर येणाऱ्या बाया रोज ओटीभर नेत. आम्हीही लसूण घालून खाल्ली आहे, उत्तम लागते.

रानतुळस हेही तणच, तिचा नियमही तोच, फक्त ती थोडी उशिरा फुलते, म्हणून सप्टेंबरात दुसरी फेरी मारा. गाजरगवत असेल तर हातमोजे आणि पूर्ण बाह्या सक्तीच्या. त्यानं अंगावर उठतं, आणि मजूर दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

घाणेरीचं (टणटणीचं) तंत्र निराळं. ती वरून तोडली की दुप्पट फुटते. खोड जिथे मातीत शिरतं तिथेच तिची फुटायची जागा असते. माती थोडी बाजूला सारून, जमिनीखाली दोन-तीन बोटांवर कुदळीचा घाव घाला, झुडूप उचला आणि मुळाकडची बाजू आभाळाकडे करून उलटं ठेवा, म्हणजे ते पुन्हा मातीला धरत नाही. नंतरची दोन वर्षं मोठ्या झाडांखाली फिरा. पाखरं घाणेरीची फळं खाऊन तिथेच बसतात, रोपं तिथेच उगवतात. आणि सगळी घाणेरी एकाच वर्षी काढू नका. भेकराला, चौसिंग्याला आडोसा दुसरा नसेल तर त्यांचं घर मोडेल. तुकड्या-तुकड्यानं काढा.

गवत: कोणतं, कुठलं, कसं

बाहेरचं काही आणू नका. हत्तीगवत, सुबाभूळ, बरसीम ही गोठ्याची पिकं आहेत. सुबाभूळ एकदा शिरली की तुमच्या नातवाला काढावी लागेल. आपल्याच रानात चांगली बहुवर्षायू गवतं आहेत. भारी, ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीत मारवेल. मुरमाड उतारावर शेडा आणि डोंगरी. मध्यम जमिनीत पवन्या. नाल्याच्या काठाला, पाणवठ्याच्या ओलीवर हरळी, आणि तिला कमी लेखू नका, मे महिन्याची लाज तीच राखते. कुसळी कोवळी असते तोवर खातात, कुसं धरली की तोंड लावत नाहीत. तिखाडीला वास असतो, तिला जनावर फारसं विचारत नाही. कुरणात तिखाडी वाढत चालली तर समजा बाकीचं गवत जास्त खाल्लं जातंय.

लावायच्या दोन रीती. माझा भरवसा ठोंबांवर, म्हणजे गवताच्या मुळासकट गड्ड्यांवर. त्याच परिक्षेत्रातल्या चांगल्या कुरणातून ठोंब खणायचे, पण एका जागी सगळे नाही. दहातला एखादा घ्यायचा. एका ठोंबाचे दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करायचे, वरचं पातं वीतभर ठेवून छाटायचं, मुळं ओल्या पोत्यात. सकाळी खणलेलं संध्याकाळपर्यंत लागलं पाहिजे. जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा, दोन पाऊस नीट मुरल्यावर. अंतर दीड ते दोन फूट. टाचेनं दाबायचं, पोकळी राहिली तर मूळ कुजतं. तरोटा उपटायची पहिली फेरी झाली की महिन्याभरानं नांगे (रिकाम्या राहिलेल्या जागा) भरायचे.

दुसरी रीत बियांची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कणसावरून मूठ वर ओढा. बी सहज सुटून हातात आलं तर तयार, ओढावं लागलं तर आठ दिवस थांबा. मग दहा कुसं नखानं सोलून बघा. रानगवतात पोकळ कुसं फार असतात. दहात तीन-चार दाणे भरलेले निघाले तर गोळा करायला हरकत नाही, एखादाच निघाला तर दुसरी जागा शोधा. एकदा मी नोव्हेंबरात गोळा केलेलं बी हुरुपानं नोव्हेंबरातच फेकलं. मुंग्यांनी पाच-सहा दिवसांत साफ केलं, उरलेलं उगवलं नाही. ताजं बी झोपलेलं असतं, त्याला काही महिने लागतात. कापडी पिशवीत, कोरड्या जागी, उंदरांपासून उंच टांगून ठेवा. पुढच्या जूनमध्ये शेण आणि माती कालवून बोराएवढे गोळे करा आणि पहिल्या दमदार पावसाच्या तोंडावर पसरा. मातीत खोल गाडू नका, बी बारीक आहे, वर यायला दमतं.

पहिली दोन वर्षं लावलेल्या तुकड्यावर जनावर येऊ नये असं वाटतं, पण येणारच. काटेरी फांद्यांचं ढोरकुंपण सहा महिने टिकतं, तेवढं पुरतं. तारेच्या भानगडीत पडू नका. उलट गावकऱ्यांच्या जुन्या शेतांच्या तारा राहिल्या असतील तर त्या आधी गुंडाळा. मी एका सांबराची शिंगं अशा तारेतून सोडवलेली आहेत, रात्री, बॅटरीच्या उजेडात. पुन्हा नको.

कापणी

कोणत्याही पुस्तकी आराखड्यापेक्षा या एका कामानं माझ्या वहीतले फेब्रुवारी-मार्चचे रकाने भरले. बी पडून गेलं की, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात, ओल धरणाऱ्या खोलगट भागातलं गवत पट्ट्यांनी कापायचं. खाली चार बोटं ठेवायचं. जमिनीत ओल आहे तोवर त्या ठोंबांना नवे धुमारे येतात आणि आजूबाजूचं रान पिवळं पडलेलं असताना हे पट्टे हिरवे राहतात. जानेवारीच्या सकाळी तिथे चितळांचे कळप उभे दिसतात, पाडसं मधे, नर कडेला.

पण सगळं कुरण कापू नका. एका वर्षी एक तृतीयांश, पुढच्या वर्षी दुसरा भाग. उरलेलं उंच गवत लागतंच: चौसिंग्याची, सांबराची पिल्लं त्यात दडतात, भुईवर घरटी करणारी पाखरं त्यात असतात. पट्टे सरळ आखू नका, वाकडेतिकडे असू द्या, मधे झुडपांची बेटं ठेवा. चितळाला आडोशापासून फार लांब जायला आवडत नाही. माझ्या मापानं दोनशे पावलं. त्यापलीकडचं गवत चांगलं असलं तरी तसंच उभं राहतं.

आगीबद्दल थोडक्यात. जाळरेषांचं (वणवा अडवायला जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांचं) काम १५ फेब्रुवारीच्या आत संपवायचं असतं, ते तुम्हाला माहीतच आहे. जाळलेल्या रेषांवर फुटवा येतो आणि जनावर जमतं, हेही खरं. म्हणून काही जण म्हणतात, सगळं कुरणच जाळू. नको. मुळाशी बसलेलं सगळं जळतं, माती उघडी पडते आणि पुढच्या जूनला तिथे पहिला उगवतो तो तरोटा.

झाडं हेच उन्हाळ्याचं कोठार

मार्चनंतर गवतावर विसंबू नका. तिथून पुढे झाडं खायला घालतात, आणि ती लावण्यापेक्षा आधी असलेली मोजा.

हिवाळ्यात आवळा आणि बोर. आवळ्यावर वानर चढलं की खाली चितळ हजर. वानर अर्धं खातं, अर्धं टाकतं. फेब्रुवारीअखेरीपासून पळसाची फुलं, तीही वानरं पाडतात. मार्चच्या मध्यापासून एप्रिलभर मोह. मोहाची फुलं रात्री उमलून पहाटे टपटप पडतात. गाव होतं तेव्हा उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन झाडाखाली असत, जनावराला उरेल ते. गाव उठल्यावरच्या पहिल्या मार्चमध्ये मी वडाजवळच्या मोठ्या मोहाखाली पहाटे गेलो, तर जमीन फुलांनी पिवळी झालेली, आणि पलीकडे एक अस्वल माझ्याकडे पाठ करून शांत जेवत होतं. मी आलो तसा मागे फिरलो. चितळं त्याच्या मागून आली असावीत, कारण दहा वाजता फुलं नव्हती, लेंड्या होत्या.

एप्रिल-मेमध्ये टेंभुर्णी, मग शिवण. शिवणीची फळं हरणं अक्षरशः वाट बघून खातात. जूनच्या तोंडावर नाल्याकाठची जांभळं. उंबराचं वेळापत्रक झाडागणिक वेगळं असतं, म्हणून दहा उंबर असतील तर दहांवर नंबर टाका आणि कोणता कधी पिकतो ते लिहा. माझ्याकडचा सात नंबर बरोबर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पिकायचा. त्या झाडावर मी कुऱ्हाड काय, साधा फलकसुद्धा ठोकू दिला नाही.

वहीत जो महिना रिकामा राहील त्याचंच झाड लावा. मे रिकामा असेल तर शिवण आणि उंबर, जानेवारी रिकामा असेल तर बोर. लावायचं कुरणाच्या कडेला, मधे नाही. मधे आधीच पळस आणि साग घुसत असतात. त्यांची रोपं परवानगी घेऊन वेळच्या वेळी काढली नाहीत तर दहा वर्षांत कुरणाचं रान होतं. शिवणीच्या रोपाला मात्र जाळी हवीच. जे झाड पुढे हरणांना फळ देणार, त्याचा शेंडा हरणंच आधी खातात.

बाकीचं भरभर

विहिरी. गाव उठलं की पहिल्या महिन्यात कठडे बांधा किंवा बुजवा. गवत वाढलं की तोंड दिसत नाही, आणि पळणारं जनावर थांबत नाही.

पाणवठा कुरणापासून चालण्याच्या टप्प्यात असावा, पण प्रत्येक कुरणाच्या मधोमध सोलर पंप बसवायचा अट्टहास नको. पाणी आणि चारा एकाच जागी झालं की जनावर हलत नाही आणि ती जागा उकिरड्यासारखी तुडवली जाते.

शेतांच्या हद्दीला लागून कुरण करू नका. तिथे जमवलेलं चितळ रात्री हरभऱ्यात जाणार आणि सकाळी शेतकरी तुमच्या दारात. त्याचा राग खरा असतो.

गुरं आत येऊ देऊ नका. चाऱ्याची वाटणी हे एक कारण, लाळ्या-खुरकूत हे दुसरं आणि मोठं.

पिंजरा

कुरण चाललंय की नाही हे साहेबांना पटवायचं असतं, त्याआधी स्वतःला. त्यासाठी दोन मीटर बाय दोन मीटरचा जाळीचा पिंजरा गवतावर उभा करा, उंची माणसाएवढी, वर उघडा असला तरी चालतो. साठ हेक्टरला मी पाच ठेवले होते. दर महिन्याच्या पाच तारखेला आतल्या आणि बाहेरच्या गवताची उंची काठीनं मोजायची आणि फोटो काढायचा. आत-बाहेर सारखंच असेल तर तिथे कोणी खायला येत नाही. गवत चुकलंय, आडोसा लांब आहे, किंवा रोज माणसांची वर्दळ आहे. आत गुडघाभर आणि बाहेर जमिनीला चिकटलेलं असेल तर भार जास्त झालाय. तिथली कापणी त्या वर्षी सोडा आणि दुसरीकडे पट्टा काढा. बाहेरचं गवत आतल्याच्या निम्मं असेल तर मी वहीत बरोबरची खूण करायचो.

पावसाआधी पिंजरा उचलून दहा पावलं सरकवा, नाहीतर आतलं जुनं वाळकं गवत साठून पुढचं माप खोटं येतं. आणि बांबूचे खुंट रोवू नका. मी रोवले होते, तर एका सांबरानं शिंगं घासून घासून दोन रात्रीत पिंजरा आडवा केला आणि आतलं सगळं खाऊन गेलं. लोखंडी अँगल घ्या.